साडेतीन सुती पाना

'कूपे' हा शब्द आपल्याकडच्या बहुतेकांना रेल्वेमुळे ठाऊक आहे. पहिल्या वर्गातला दोघांपुरता छोटा डबा म्हणजे कूपे. नव्या जोडप्याला तो मिळावा म्हणून रेल्वेतल्या ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी घेऊन जाणारा एक तरी काका पूर्वी प्रत्येक घरात असे. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. चौघांच्या घोडागाडीची एक बैठक कापून दोघांची गाडी केली, तिला हे नाव पडले. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, नाव राहिले. मोटारीत कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची गाडी. मागची सीट असलीच तर तीवर माणसापेक्षा पिशवी बरी बसते.

अशा गाडीला आपल्याकडे जागाच नव्हती. घरटी मोटार ही कल्पना दूरची, आणि ज्याच्याकडे मोटार असे त्याच्याकडे तीत बसणारी माणसेही भरपूर असत. तुळजापूरला निघालेल्या गाडीत आठजण ही काही नवलाची गोष्ट नव्हती. त्यात १९५० च्या दशकात सरकारने तयार गाड्यांची आयात जवळजवळ थांबवली आणि इथे कारखाना चालवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनाच गाड्या बनवू दिल्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड. कुर्ल्याच्या फियाटमागची प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली. वालचंद सोलापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचे. त्यामुळे म्हणा किंवा मुंबईच्या टॅक्सीमुळे म्हणा, महाराष्ट्रात राज्य फियाटचे. मद्रासची गाडी आपल्याकडे तुरळक. गावात एखाद्या डॉक्टराकडे, नाहीतर हौशी वकिलाकडे.

त्या मद्रासच्या गाडीचे नाव हेरल्ड. विलायतेतली ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली आली. इटलीतल्या तुरीनचे जोव्हानी मिकेलोत्ती यांनी तिची आकृती काढली होती. पहिल्या वर्षीच तिकडे ती बंद गाडी आणि कूपे अशा दोन्ही रूपांत निघाली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून बनू लागली. इथली पहिली काही वर्षांची हेरल्ड दोन दारांची होती. काटेकोरपणे बोलायचे तर ती कूपे नव्हे. पण हिच्याच चौकटीची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली 'स्पिटफायर' ही उघडी स्पोर्ट्स गाडी काढली आणि १९६६ साली 'जीटी सिक्स' ही खरीखुरी स्पोर्ट्स कूपे. तेव्हा नाते सख्खे नसले तरी चुलत नक्कीच आहे. नाकीडोळी सारखेपणा आहेच, आणि दुखणीही तीच आहेत. पुढे हिंदुस्थानी गिऱ्हाइकाची गरज ओळखून मद्रासच्या कंपनीने हेरल्डला चार दारे केली. तशी चार दारांची हेरल्ड जगात आणखी कुठेच बनली नाही. आठजणांच्या मागणीपुढे मिकेलोत्तीचे काय चालणार!

माझ्याकडे यातली एक दोन दारांची हेरल्ड आहे. धाराशिवला घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती असते आणि तिची बहुतेक कामे मी तिथेच करतो. लोक विचारतात, हे घरी कसे जमते? जमते ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. गाडीच तशी आहे, आणि ती तशी का झाली याची एक मजेदार हकीकत आहे.

मोटारीची बॉडी बनवायला घरे व्यापतील एवढे प्रचंड प्रेस लागतात. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतली. नव्या गाडीची अखंड बॉडी आता कोण दाबून देणार? मग ट्रायम्फच्या इंजिनिअरांनी जुन्या पद्धतीकडे पाऊल मागे घेतले. खाली वेगळी पोलादी चौकट आणि वर बॉडीचे सुटे तुकडे, बोल्टांनी जोडलेले. ज्या काळात सगळे जग अखंड बॉडीकडे चालले होते त्या काळात ही गाडी नटबोल्टांची राहिली. तेव्हाच्या टीकाकारांना ते मागासपणाचे वाटले असेल. साठ वर्षांनंतर पाना हातात घेऊन बसणाऱ्याला मात्र यासारखा दुसरा उपकार नाही. मडगार्ड, दार, छप्पर, सगळे सोडवता येते. बॉनेट तर पुढच्या मडगार्डांसकट अख्खे पुढे कलते आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाके सगळे डोळ्यांसमोर उघडे पडते. पुढच्या टायरवर बसून कार्बोरेटर साफ करता येतो. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले की काळ्या प्लॅस्टिकचे एक झाकण दिसते. त्यावर कंपनीचे नाव असते आणि करण्यासारखे खाली काही असले तरी हात पोचत नाही.

बोल्टांची एक अडचण आहे. ते इंचातले आहेत. आपले जुने मिस्त्री इंच सांगत नाहीत, सूत सांगतात. एका इंचाचे आठ सूत. हेरल्डवर सगळ्यांत जास्त लागणारे पाने दोन, साडेतीन सुती आणि चार सुती. आज बाजारात मिळतो तो संच मिलिमीटरचा. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना त्यावर बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की फिरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. साठ वर्षे टिकलेला नट नव्या चकचकीत पान्याने एका दुपारी गोल करता येतो. म्हणून सोलापूरच्या जुन्या बाजारात सुती पाने मिळाले की मी गंज न पाहता घेतो. गंज रॉकेलने जातो, आणि रॉकेल नसेल तर डिझेलने.

रोजच्या देखभालीचे सांगायचे तर ती स्वयंपाकघरासारखी आहे. अवघड एकही गोष्ट नाही, पण चुकवून चालत नाही. डेल्कोतला पॉइंट उघडायचा, तो बारीक पॉलिश पेपरने पुसायचा आणि फट फीलर गेजने १५ हजारांश इंच ठेवायची. प्लगची फट २५ हजारांश. थंड इंजिनावर टॅपेटची फट १० हजारांश. या टॅपेटच्या कामात हिशेबाच्या माणसाला विशेष आनंद देणारा एक नियम आहे. व्हॉल्व्ह आठ. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा. जो आकडा येईल त्या व्हॉल्व्हची फट मोजायची. पहिला दाबला असेल तर आठवा, तिसरा असेल तर सहावा. इंजिन हाताने दोन फेरे फिरवले की आठही होतात आणि बेरीज दरवेळी नऊच येते. आयुष्यभर बँकेत टॅली जुळवली, पण इतकी बिनबोभाट जुळणारी टॅली तिथे क्वचितच भेटली.

बँकेचा विषय निघालाच आहे तर घसाऱ्याचे सांगतो. वाहनकर्जाच्या फाइलीत गाडीची किंमत दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी खाली येते. कागदावर दहा-पंधरा वर्षांत तिची रद्दी होते. या हिशेबात एक गोष्ट कधीच धरलेली नसते. ज्या गाडीचा प्रत्येक भाग सुटतो आणि बदलतो तिचे वय नेमके कोणाचे धरायचे? चौकट १९६० च्या दशकातली, क्लचप्लेट परवाची. आणि दोन्हींच्या मधली असंख्य वयाची लोखंडे. असो.

हेरल्डची दोन दुखणी प्रसिद्ध आहेत, आणि दोन्ही जिवावर बेतणारी आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिले पुढच्या चाकाशी. पुढचे चाक ज्या उभ्या पोलादी तुकड्यावर वळते त्याचे खालचे टोक आट्यांचे असते आणि पितळी ठोकळ्यात फिरते. या ठोकळ्याला ट्रनिअन म्हणतात. ट्रायम्फची ही रचना इतकी सुटसुटीत होती की लोटससारख्या कंपनीने आपल्या 'एलान' या स्पोर्ट्स गाडीत पुढे तेच भाग वापरले. या ठोकळ्यात गिअर ऑइल घालायचे असते, ९० नंबरचे. पण त्याला निपल ग्रीसच्या निपलसारखेच असते. मग सर्व्हिसिंगचा पोऱ्या गाडी खालून जाताना इतर निपलांबरोबर यालाही ग्रीस मारतो. ग्रीस आट्यांत शिरत नाही, नुसते तोंडाशी थिजते. वर पाणी उतरते, आटे गंजतात, आणि एक दिवस वळणावर तो तुकडा मोडून चाक गाडीखाली दुमडते. आधी स्टिअरिंग जड होते, हीच काय ती सूचना. सोलापूरचे एक म्हातारे मिस्त्री हेरल्ड समोर आली की चावी मागण्याआधी एकच प्रश्न विचारत, "साहेब, ग्रीस मारलंय का तेल?" मी म्हणायचो, "चाचा, तेल." मग ते वाकून बोट लावून वास घेत. साहेबाच्या शब्दावर त्यांचा फार विश्वास नसे.

दुसरे दुखणे मागच्या चाकांचे. हेरल्डची मागची दोन्ही चाके स्वतंत्र झुलतात. सरळ रस्त्यावर त्याने गाडी मऊ चालते. पण वेगात वळण घेताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला तर गाडीचे ढुंगण वर उचलले जाते, बाहेरचे चाक पोटाशी दुमडते आणि गाडी बाजूला फेकली जाते. आमच्या बालाघाटच्या रांगांत, येडशीकडे किंवा तुळजापूरच्या घाटात, हे ध्यानात ठेवावे लागते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या ओझ्याला ही रचना मानवत नाही हे मद्रासच्या इंजिनिअरांनाही कळले. हेरल्डनंतर त्यांनी १९७० च्या दशकात 'गॅझेल' आणली तेव्हा मागे साधा सरळ एक्सल बसवला.

आणि हो, गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. आमच्याकडे चाकाखाली विटा किंवा दगड लावायची रीत आहे. वीट ओझ्याखाली न सांगता फुटते. चार पायांचे लोखंडी स्टँड कुठल्याही वेल्डरकडून जाड अँगलचे करून घेता येतात. बाकी कुठे काटकसर करा, तिथे नको.

धाराशिवची हवा जुन्या लोखंडाला चांगली. मुंबईतली हेरल्ड खालून कुजते. इथली नुसती धुळीने भरते. मात्र काळ्या मातीचा चिखल चौकटीच्या आडव्या हातांत बसला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ओल धरून राहतो. पावसाळा संपला की तो खरवडून काढायचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की दुसरीच तऱ्हा. पेट्रोल नळीतच उकळते, वाफेचा फुगा अडकतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पंपावर ओले फडके टाकायचे, दहा मिनिटे सावली शोधायची. जुने ड्रायव्हर फडके आणि पाण्याची बाटली सीटखाली ठेवत, ते यासाठी.

आता खऱ्या संकटाकडे येतो. ते गंजाचे नाही आणि सुट्या भागांचेही नाही. सुटे भाग मिळतात. विलायतेत ट्रायम्फवेड्यांचे क्लब आहेत आणि त्यांच्या मागणीमुळे कित्येक भाग आजही नव्याने बनतात. जे मिळत नाहीत ते सोलापूरचे लेथवाले करून देतात. संकट आहे ते पेट्रोलचे.

जुन्या गाड्यांना पेट्रोलने याआधीही एकदा दगा दिला होता. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे. ते विषारी, म्हणून २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झाले आणि बंद झाले हे उत्तमच. पण शिशाचा पातळ थर जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखा उपयोगी पडे. तो गेल्यावर बिडाच्या बैठका झिजू लागल्या. त्यावर इलाज निघाला. हेड उतरवून कठीण पोलादी कड्या बसवल्या की काम कायमचे होते. खर्च एकदाच.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आले आहे. सुरुवात २००३ साली पाच टक्क्यांनी झाली. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र झाले. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते. सरकारी काम पाच वर्षे आधी पूर्ण झाल्याचे उदाहरण म्हणून हे जपून ठेवावे.

इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते, फुगवते, मग त्याला भेगा पडतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर ते विरघळवून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून सोडते. हवेतले पाणी ओढून घेते, आणि गाडी दोन महिने उभी राहिली तर ते पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या बुडाशी वेगळे बसते. त्याची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. नव्या गाडीतला कॉम्प्युटर ते ओळखून जास्त इंधन सोडतो. सोलेक्स कार्बोरेटरला कोण सांगणार? तो जुन्याच मापाने देत राहतो, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते. आणि ते नळीतले उकळणे वाढते ते वेगळेच. यात सगळ्यांत धोक्याचा भाग पेट्रोल पंपाचा पडदा. तो फाटला तर पेट्रोल बाहेर न येता खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. म्हणून हल्ली ऑइलची काडी काढली की पातळी पाहण्याआधी तिचा वास घ्यावा. ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नये.

इलाज याही रोगाला आहे. फ्लोरिन असलेल्या, विटॉन जातीच्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवायचा. कार्बोरेटरची सुई आणि पॅकिंगे बदलायची. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालायचा. टाकी एकदा उतरवून धुऊन घ्यायची आणि गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर रिकामी करायची. माझ्या शेडमध्ये हे सगळे काम दोन रविवारांचे झाले. पण हेरल्ड किती उरल्या? खेड्यापाड्यांत अजून चालणाऱ्या लुना, एम-८०, जुन्या स्कूटरी आणि राजदूत यांचे काय? दूध घालायला जाणाऱ्या माणसाला विटॉन कोण सांगणार? पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुलासा केला की काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, ते काम स्वस्त आणि सोपे आहे. खरेच स्वस्त आणि सोपे आहे. पण कोणता भाग, कोणत्या जातीचे रबर, कुठे मिळेल, हे पंपावर एका पाटीवर मराठीत लिहायला किती खर्च आला असता?

यातली गंमत म्हणजे हे इथेनॉल काही परके नाही. ते आमच्याच शिवारातले आहे. तेरणा-मांजराच्या काठी ऊस होतो, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, आणि इथेनॉलचे पैसे आले म्हणून उसाचे बिल निघाले असे सांगणारे शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत. एका जुन्या गाडीसाठी त्यांचे बिल थांबावे असे मी म्हणणार नाही. मात्र जिथे उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे उसाचे पाणी पेट्रोलमध्ये घालायचे का, हा प्रश्न गाडीपेक्षा फार मोठा आहे. २०२३ च्या डिसेंबरात पाऊस कमी झाल्यावर सरकारने स्वतःच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती उठवली.

याच कारखान्यांची दुसरीही एक आठवण आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायू मिळेना तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातच ऑक्सिजन तयार केला. इथेनॉलमधले पाणी शोषून घ्यायला एक चाळण असते, झिओलाइट नावाच्या खनिजाची. त्याच जागी दुसऱ्या जातीचे झिओलाइट भरले की ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. ज्याने कोणी हे सुचवले आणि अहोरात्र पाइप जोडले, त्याच्या हातात कुठल्या मापाचा पाना होता ते पाहायला मला आवडले असते.

कारण तसे हात आता कमी झाले आहेत. आयटीआयमधून येणारी मुले हुशार आहेत. ती गाडीला स्कॅनर लावतात, पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो, तो भाग बदलतात. त्यांनी पॉइंट पाहिलेला नसतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा रविवारी शेडमध्ये येतो. पहिल्या दिवशी त्याने विचारले, "काका, हिला स्कॅनर कुठं लावायचा?" मी त्याला लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला, त्याचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायला सांगितली. टॅपेटचा आवाज कुठला आणि बेअरिंगचा कुठला, हे त्याला दोन रविवारांत कळू लागले. आता तो माझ्याआधी सांगतो.

उरले कागद. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ६०० रुपयांची मोटारीची फी २०२२ च्या एप्रिलमध्ये ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० झाली. दुसरी वाट २०२१ च्या 'व्हिंटेज' नियमांची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आमचा 'एमएच २५' जातो. आणि गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन यांसाठी आणता येते, शिवाय पेट्रोल भरायला आणि देखभालीसाठी. माझी हेरल्ड सध्या जुन्याच नंबरावर आहे. रोज बाजारात जाते, भाजी आणते, आणि वळायला तिला पंचवीस फूट जागा पुरत असल्यामुळे आठवडे बाजाराच्या गर्दीतूनही परत फिरते.